दिसतें तें आणि राहून जातें तें

खानदेशांतला वैशाख ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना दुपारच्या खोलीचें वर्णन करून सांगावयास नको. अकरा वाजले न वाजले तोंच पाचोऱ्यांतील जुन्या घरांच्या खिडक्यांचीं दारें लोटलीं जातात आणि माजघरांत दिवेलागणीसारखा अंधार होतो. वडील मंडळी वामकुक्षी करीत असतां ज्यांना झोप येत नाहीं, त्या मुलांना अशा वेळची एक गंमत ठाऊक असते. खिडकीच्या फळीस एखादें लहानसें भोंक असलें, तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उतरतो. मात्र तो उलटा उतरतो. निंबाचें झाड शेंडा खालीं करून उभें असतें, सायकलवाला डोकें खालीं करून जातो, आणि आकाश जमिनीच्या जागीं पसरलेलें असतें. मध्यें कांच नाहीं, यंत्र नाहीं. नुसतें भोंक, अंधार आणि भिंत. मोठ्या माणसांना हा पोरखेळ वाटतो. परंतु आपलें जन्मभराचें पाहणें ह्याच खेळावर चाललेलें आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें.

पाहणें म्हणजे काय, ह्या प्रश्नानें मोठमोठ्यांना चकविलें आहे. आमच्या नैयायिकांचें मत असें कीं, डोळ्यांतील तेज बाहेर पडून वस्तूपर्यंत जातें आणि तिला गांठून तिचें ज्ञान करून देतें. ग्रीक पंडितांपैकींही कित्येकांची समजूत अशाच प्रकारची होती. ‘नजर टाकली’, ‘नजर पोहोंचली’, ‘दृष्ट लागली’ असें आपण आजही म्हणतों, त्यांत तीच कल्पना मुरलेली आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीं कैरो येथें इब्न अल्-हैथम ह्या अरब पंडितानें प्रयोगांच्या आधारें असें प्रतिपादन केलें कीं, डोळ्यांतून कांहीं बाहेर जात नाहीं. वस्तूवरचा प्रकाशच डोळ्यांत येतो. १६०४ सालीं केप्लर ह्या ज्योतिषशास्त्रज्ञानें पुढचें पाऊल टाकलें, आणि डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर बाहेरच्या जगाचें उलटें चित्र पडतें असें गणितानें दाखविलें. त्यानंतर शाइनर नांवाच्या एका पाद्र्यानें जनावराच्या डोळ्याची मागची बाजू खरवडून तें उलटें चित्र प्रत्यक्ष पाहिलें. माजघराची भिंत आणि डोळ्याचा पडदा ह्यांचें काम एकच. उलट्याचें सुलटें जग आपल्याला भासतें तें मेंदूच्या कृपेनें.

आतां ह्या इवल्याशा माजघराची रचना पाहूं. डोळ्याचा गोल व्यासानें इंचाहून किंचित् लहान असतो. त्याच्या पुढच्या बाजूस पारपटल नांवाची पारदर्शक कांच आहे. मध्यभागीं तिची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. पण प्रकाशकिरण वांकवून एकत्र आणण्याचें सुमारें दोन-तृतीयांश काम तीच करते. तिच्यांत रक्तवाहिन्या नाहींत, कारण त्या असत्या तर कांच गढूळ झाली असती. म्हणून ती आपला प्राणवायु अश्रूंच्या पातळ थरांतून सरळ हवेकडून घेते. तिच्यामागें परितारिका नांवाचा रंगीत पडदा आहे. आपल्याकडे तो बहुधा तपकिरी असतो. त्याच्या मध्यावरचें भोंक म्हणजे बाहुली. बाहुली काळी दिसते म्हणून ती कांहीं वस्तु आहे असें वाटतें. वस्तुतः ती आंतल्या अंधाऱ्या खोलीचें दार आहे. तिच्यामागें भिंग असतें. जवळचें पाहावयाचें तर तें फुगतें, दूरचें पाहावयाचें तर चपटें होतें. वय वाढतें तसें तें कठीण होत जातें आणि चाळिशीच्या सुमारास फुगेनासें होतें. त्या वयाला लागणाऱ्या चष्म्याला आपल्या भाषेनें ‘चाळिशी’ हेंच नांव देऊन टाकलें आहे. सर्वांच्या मागें दृष्टिपटल, म्हणजे ती पांढरी भिंत. परंतु ही भिंत जिवंत आहे. तिच्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात: शंक्वाकार पेशी सुमारें साठ लाख, आणि दंडाकार पेशी सुमारें बारा कोटी, म्हणजे जवळजवळ साऱ्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येइतक्या.

ह्या दोघींनीं आपसांत काम वांटून घेतलें आहे. शंक्वाकार पेशी उजेडांत काम करतात. रंग त्यांनाच कळतात, बारीक अक्षर त्यांच्यामुळेंच वाचतां येतें. दंडाकार पेशींना रंग कळत नाहींत, पण त्यांना अत्यंत मंद प्रकाश पुरतो. म्हणून चांदण्यांत जास्वंदीचें फूल आणि तिचें पान दोन्हीं काळसरच दिसतात. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडाकार पेशी नसतातच. अंधुक तारा पाहावयाचा तर त्याच्याकडे सरळ न पाहतां किंचित् बाजूस पाहावें, असें नक्षत्रें दाखविणारे जें सांगतात त्याचें कारण हेंच.

उन्हांतून अंधारांत शिरतांना ह्या घरांत केवढी धांवपळ होते पाहा. बाहुली कांहीं सेकंदांत मोठी होते. परंतु ती फार तर दोन मिलिमीटरांची आठ मिलिमीटर होईल, म्हणजे प्रकाश सोळापट अधिक आंत येईल. खानदेशांतली दुपार आणि समईचा उजेड ह्यांत तर लाखपटीचें अंतर! उरलेलें काम दंडाकार पेशींतील ऱ्होडॉप्सिन नांवाच्या जांभळट-तांबड्या द्रव्याला करावें लागतें. उजेड लागला कीं हें द्रव्य विटतें आणि अंधारांत पुन्हां सांठतें. फ्रान्झ बॉल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७६ सालीं बेडकाच्या डोळ्यांत हें प्रथम ओळखलें. तें सांठण्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागतें. ज्या मुलाच्या आहारांत शेवग्याचा पाला, गाजर, पपई, आंबा, दूध ह्यांची वाण पडते, तें दिवसां नीट वागतें आणि तिन्हीसांजा झाल्या कीं चांचपडूं लागतें, तें ह्यामुळेंच. लहान मुलांना ह्या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना सरकारनें १९७० सालीं सुरू केली, तिच्या मुळाशीं हेंच ज्ञान आहे. निरोगी माणसाच्या शंक्वाकार पेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात; दंडाकार पेशींना पुरतें सरावावयास अर्धा तास, कधीं चाळीस मिनिटेंही लागतात.

हें पुस्तकांत वाचणें निराळें आणि अजिंठ्यास अनुभवणें निराळें. पाचोऱ्याच्या लोकांना अजिंठा परका नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली पाचोरें-जामनेर ही लहान रुळांची गाडी, आमची ‘पी. जे.’, शेंदुर्णीवरून पहुरास जात असे, आणि पहुराहून लेणीं जवळ. २०२० च्या टाळेबंदींत ती थांबली आणि लेण्यांकडे जाणारे मोटारीनें जाऊं लागले. तेथील उत्तरकालीन चित्रें पांचव्या शतकांतलीं, वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळचीं मानलीं जातात. १८१९ च्या एप्रिलमध्यें जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी तेथें जाऊन पोहोंचला, तेव्हां बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता लागली. पुढें १८४४ पासून रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्यानें वर्षानुवर्षें ह्या अंधारांत बसून चित्रांच्या नकला केल्या; त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. गिल १८७९ सालीं वारला आणि त्याची कबर आमच्या खानदेशांतच, भुसावळास आहे.

तीन वर्षांपूर्वीं पौषांत आम्ही घरचीं आठ माणसें लेणीं पाहावयास गेलों. बरोबर आमच्या काकू होत्या. वय बहात्तर, पण चालणें खुटखुटीत. त्यांनीं डोलीसुद्धां केली नाहीं. पहिल्या लेण्याच्या दारांतून आंत पाऊल टाकलें कीं प्रथम कांहींच दिसत नाहीं. आंत दिवे आहेत, पण चित्रांना धक्का पोहोंचूं नये म्हणून ते फार मंद ठेवलेले. फ्लॅश लावून फोटो काढण्यासही मनाई आहे. उतावळे लोक एक फेरी मारून ‘कांहीं दिसत नाहीं बुवा’ म्हणत बाहेर पडतात. जो थांबतो त्याला पांचएक मिनिटांनीं गाभाऱ्याच्या डाव्या अंगास प्रथम मुकुटाची कड दिसूं लागते, मग झुकलेल्या पापण्या, मग हातांतलें कमळ, आणि हळूहळू सबंध पद्मपाणि भिंतींतून पुढें येतो. मध्येंच कोणी मोबाइलचा दिवा लावला तर सांठत आलेलें द्रव्य पुन्हां विटतें आणि साऱ्यांनाच मागें जावें लागतें.

आम्ही थांबलों. मुलांना आधीं दिसलें, मग आम्हांला. नात काकूंचा हात धरून म्हणाली, “आजी, दिसला का ग? बघ, त्याच्या हातांत फूल आहे.”

“हो ग बाई, किती सुरेख!” काकू म्हणाल्या. पण त्यांचें तोंड ज्या दिशेस होतें तेथें नुसता एक खांब होता.

परततांना मोटारींत त्या वहिनींना हळूच म्हणाल्या, “देवाच्या दारीं जाऊन दर्शन नाहीं झालं, तरी नमस्कार पोहोंचतो.” वहिनींनीं तें वाक्य रात्रीं आम्हां सर्वांना सांगितलें, आणि मग घरांतल्या पुष्कळ लहानसहान गोष्टींचा अर्थ एकाएकीं उलगडूं लागला. काकू तांदूळ निवडावयास माजघर सोडून अंगणांत बसूं लागल्या होत्या; विशीच्या डोळ्याच्या मानानें साठीच्या डोळ्यांत सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोहोंचतो, मग बहात्तराव्या वर्षीं अंगणच हवें. निरांजनाभोंवतीं त्यांना कडीं दिसत. गढूळ झालेलें भिंग प्रकाश सरळ जाऊं न देतां पसरून टाकतें. सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे, “आतां मला चाळिशीवांचून पोथी वाचतां येते,” असें त्या मोठ्या कौतुकानें सांगत, आणि घरांतलीं माणसें ती देवाची कृपा समजत. मोतीबिंदूच्या एका प्रकारांत भिंग दाट होऊन त्याची शक्ति वाढते, त्यामुळें कांहीं काळ जवळचें चष्म्यावांचून दिसूं लागतें; आणि त्याच वेळीं दूरचे चेहरे पुसट होत जातात. ती कृपा म्हणजे रोगाची पहिली चिठ्ठी होती.

त्यांनीं हें लपविलें कां? संयुक्त कुटुंबांतल्या वडील बाईला हा प्रश्न विचारावयाची गरज नसते. देवघरांतली पूजा, लोणच्याच्या बरण्या, मुलांच्या वेण्या हीं कामें म्हणजेच तिचें घरांतलें स्थान. ‘काकू, तुम्हांला आतां दिसत नाहीं, तुम्ही स्वस्थ बसा,’ असें प्रेमानें म्हणणारीं माणसेंच तिला अधिक भयाचीं वाटतात.

जळगांवच्या डॉक्टरांनीं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु असल्याचें सांगितलें. मोतीबिंदु म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, डोळ्यांतलें भिंगच गढूळ होणें. भिंगाला जुन्या पेशी टाकून देण्याची सोय नाहीं. जन्मापासूनचे थर एकावर एक बसत जातात आणि त्यांतलीं प्रथिनें हळूहळू पिवळीं व दाट होतात. पातळ तूप थंडींत थिजून अपारदर्शक व्हावें तसें हें आहे. फरक इतकाच कीं हें तूप पुन्हां पातळ होत नाहीं, मग कोणतेही थेंब घाला. सुश्रुतसंहितेंत ‘लिंगनाशा’वर जी शस्त्रक्रिया सांगितली आहे तींत शलाकेनें तें भिंग दृष्टीच्या वाटेंतून बाजूस ढकललें जाई. १७४७ सालीं दाव्हिएल ह्या फ्रेंच वैद्यानें तें बाहेर काढण्याची रीत घातली. परंतु भिंगाच्या जागीं भिंग बसविण्याची युक्ति १९४९ सालची. महायुद्धांत फुटलेल्या विमानांच्या प्लॅस्टिकच्या कांचांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा त्यांना त्रासत नाहीं, हें लंडनच्या हॅरोल्ड रिडले ह्या शल्यवैद्याच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें तसल्याच द्रव्याचें भिंग करून डोळ्यांत बसविलें. महाराष्ट्रांत डॉ. तात्याराव लहाने ह्यांचें नांव, ज्यांना २००८ सालीं पद्मश्री मिळाली, खेडोपाडीं पोहोंचलें तें ह्याच शस्त्रक्रियेमुळें.

काकूंच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटली त्या सकाळीं त्या पलंगावर बसून आपल्या पदराकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हें पातळ निळं आहे होय? मी तर राखी समजून नेसत होतें!” पिवळें पडलेलें भिंग सर्वांत आधीं निळा रंग अडवितें. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं हा रंग मिळविण्यासाठीं अफगाणिस्तानच्या बाजूचा राजावर्त दगड आणवून वापरला; आणि काकूंच्या डोळ्यांतून तो कोणालाही न कळतां, वर्षानुवर्षांत, थेंबाथेंबानें गळून गेला होता.

येथपर्यंतची हकीकत आनंदाची झाली. परंतु डॉक्टरांनीं डाव्या डोळ्याबद्दल दुसरें एक निदान सांगितलें: त्यांत कांचबिंदुही होता. नांवें सारखीं असल्यामुळें पुष्कळांना हे दोन रोग भावंडें वाटतात. प्रत्यक्षांत त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. डोळ्याच्या पुढच्या भागांत एक स्वच्छ द्रव सतत पाझरतो आणि बारीक जाळींतून निघून जातो. निघण्याची वाट अडली कीं आंतला दाब वाढतो, आणि दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणारा जो दहा-बारा लाख तंतूंचा जुडगा, त्यांतले तंतु एकेक करून मरूं लागतात. ह्या रोगाच्या नेहमींच्या प्रकारांत दुखत नाहीं, डोळा लाल होत नाहीं. ऐन मध्यावरचें दिसणें शेवटपर्यंत शाबूत राहतें. कडेकडेचें जग मात्र गळत जातें. मोतीबिंदूनें नेलेलें परत मिळतें, कांचबिंदूनें नेलेलें मिळत नाहीं. थेंब घालून उरलेलें राखतां येतें, इतकेंच.

एवढें नुकसान होत असतां माणसाला कळत कसें नाहीं? ह्याचें उत्तर प्रत्येकाला घरच्या घरीं पाहतां येईल. एका कोऱ्या पोस्टकार्डावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्यापासून तीन इंचांवर उजवीकडे कुंकवाचा लहानसा ठिपका लावा. डावा डोळा हातानें झांका, उजव्यानें फुलीकडेच पाहत राहा आणि कार्ड हळूहळू जवळ आणा. सुमारें फूटभर अंतरावर ठिपका नाहींसा होतो. तंतूंचा जुडगा जेथून डोळ्याबाहेर पडतो तेथें प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहींत; प्रत्येक निरोगी डोळ्यांत हा अंधबिंदु असतो. परंतु नवल पुढेंच आहे. ठिपक्याच्या जागीं काळें भोंक दिसत नाहीं. मेंदु भोंवतालचा कोरा रंग तेथें पसरून देतो आणि सारें ठीक असल्याची ग्वाही देतो. कांचबिंदूंतही तो हीच माया करतो, आणि एका डोळ्याची तूट दुसरा डोळा निमूटपणें भरून काढतो. डोळ्याची उणीव त्या डोळ्याला दिसत नाहीं. काकूंनीं मोतीबिंदु लपविला होता. कांचबिंदु त्यांच्यापासूनच लपून राहिला होता.

हा रोग घराण्यांत चालतो. ज्याला तो झाला त्याच्या भावंडांना आणि मुलांना त्याचा धोका अधिक. म्हणून डॉक्टरांनीं काकूंच्या मुलांना तपासणीस बोलाविलें. आमच्या दादांची, म्हणजे काकूंच्या थोरल्या चिरंजीवांची, तक्रार कसलीच नव्हती. एकावन्नावें वर्ष, मोटार स्वतः हांकतात, वर्तमानपत्र चाळिशी लावून अथपासून इतिपर्यंत वाचतात. “मला काय धाड भरली आहे?” असें म्हणतच ते गेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, आणि एका डोळ्याच्या कडेचें थोडेंसें क्षेत्र गेलेलेंही निघालें. आणखी दहा वर्षें कोणी पाहिलें नसतें तर काय उरलें असतें, हें डॉक्टरांनीं बोलून दाखविलें नाहीं, आणि दादांनींही विचारलें नाहीं.

वाचकभगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या घरांतून दागिन्यांची, दस्तऐवजांची, लोणच्यापापडांची वर्षाकांठीं एकदां तरी मोजदाद होते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचीही तशी व्हावी. केवळ चष्म्याचा नंबर काढून घेणें पुरेसें नाहीं. बाहुली मोठी करून आंतला पडदा आणि तंतूंचें मूळ पाहणें, डोळ्यांतला दाब मोजणें, आणि जरूर तर दृष्टीच्या क्षेत्राचा नकाशा काढणें, हें झालें म्हणजे तपासणी झाली. घरांत ज्याला कांचबिंदु असेल त्यानें तें आपल्या भावाबहिणींना पत्रानें, फोननें, जसें जमेल तसें कळवावें. सोयरसुतक कळविण्यांत आपण चुकत नाहीं. हें कळविण्यांत तर माणूस वांचतो. आणि वडील माणसांना ‘दिसतें ना?’ असें विचारण्यापेक्षां एकेक डोळा झांकून भिंतीवरच्या कॅलेंडरांतली तिथि वाचावयास सांगावें. त्या कामासाठीं घरांतलें सर्वांत लहान मूल नेमावें; त्याच्यापुढें लपवाछपवी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

आमच्या घरीं हल्लीं रात्रीं नऊ वाजतां काकू आणि दादा ओटीवर शेजारीं शेजारीं बसतात. थेंब घालण्याचें काम नातीकडे आहे. औषध डोळ्यांतच राहावें म्हणून नाकाजवळचा कोपरा बोटानें दाबून पांच मिनिटें डोळे मिटून बसावें लागतें. मुलगा घड्याळ लावतो, आणि आई त्या वेळांत रामरक्षा म्हणते.